न जाणवलेल्या वस्तूंची यादी

मावशींच्या डोळ्यांवर पट्टी बांधायचं काम चष्मेवालीकडे, म्हणजे कंपनीत नोंदी घेणाऱ्या पोरीकडे, होतं आणि ती ते फार जपून करायची. पट्टी काळ्या मऊ कापडाची, मावशींनी घरून शिवून आणलेली. कंपनीने आधी दिली होती ती कानामागे काचायची. पंचवीस वर्षं गाड्यांच्या सीटा शिवलेल्या बाईने असली उसवलेली शिवण डोक्याला बांधून घ्यायची म्हणजे अपमानच की!

"घट्ट झाली का हो?" चष्मेवाली रोज विचारायची.

"बांध गं. मला काय फाशी द्यायचीय?" मावशी रोज म्हणायच्या.

मग गाडीचं दार उघडायचं, मावशी आत बसायच्या आणि त्यांचे हात कामाला लागायचे.

त्या विभागाच्या दारावर जे नाव होतं ते इतकं लांबलचक होतं की वाचेपर्यंत दार मिटायचं. सगळे त्याला फरक विभाग म्हणत. कंपनी विजेवर चालणाऱ्या दोन गाड्या करायची, एक महाग आणि एक स्वस्त. बाजारात त्यांची नावं चकचकीत होती, त्यांच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. कारखान्यात महागडीला थोरली म्हणत आणि स्वस्तातलीला धाकटी.

आता बाहेरच्या माणसाला वाटतं की धाकटीत कमी सामान घातलं की झाली ती स्वस्त. तसं नव्हतं. दोघींचा सांगाडा एक, मोटर एक, तारासुद्धा त्याच. दोन वेगळ्या गाड्या करण्यापेक्षा एकच करून एकीचे हात बांधणं कंपनीला सोपं पडायचं. धाकटीच्या सीटमध्ये ऊब देणारी तार होती, फक्त तिला तापायची परवानगी नव्हती. तिच्या बॅटरीचा पाचवा हिस्सा जन्मभर झोपलेला असायचा. तिचा आकडे दाखवणारा पडदा दीड सेकंद उशिरा जागा व्हायचा आणि तो उशीर एका हुशार माणसाने महिनाभर खपून मुद्दाम घातला होता. धाकटीला गरीब करायला अकरा माणसं राबत होती. थोरलीला श्रीमंत करायला चार पुरली.

पण पुरेशी गरीब झाली की नाही हे कळणार कसं? आवाज, वजन, वेग मोजायला यंत्रं होती. गाडीत बसल्यावर माणसाला कसं वाटतं ते मोजायचं यंत्र कुणाकडे नव्हतं, म्हणून मावशी होत्या. डोळे बांधून दहा मिनिटं बसायचं, हात फिरवायचा, कान द्यायचा, हाताला जे जे लागलं ते मोठ्याने बोलायचं आणि शेवटी दहापैकी मार्क द्यायचे. थोरली आठाच्या खाली येता कामा नये, धाकटी पाचाच्या वर जाता कामा नये. गेलीच तर तिला उतरवायची. उतरवायची हा त्यांचा शब्द. मांजराला माडीवरून उतरवावं इतक्या सहज ते बोलायचे.

उतरवतात म्हणजे नेमकं काय करतात, हे कळायला मावशींना तीन वर्षं लागली. एकदा त्यांनी धाकटीच्या खणाच्या झाकणाचं कौतुक केलं, अगदी अदबीने उघडतं म्हणून. पुढच्या महिन्यात ते झाकण फाडकन गुडघ्यावर पडलं. एकदा दार लागतानाचा आवाज आवडला, भरल्या पोटासारखा ठप्प. नंतर त्यातलं रबर निघालं आणि दार पत्र्याच्या डब्यासारखं वाजायला लागलं. हाताखालची मऊ किनार, वळायच्या दिव्याची मंद टिकटिक, ज्याला ज्याला त्या छान म्हणाल्या ते ते गेलं.

"डोळे बांधलेल्या बाईची दृष्ट लागते, आता बोला!" त्या कँटीनमध्ये म्हणायच्या आणि सगळे हसायचे. त्याही हसायच्या. पण आताशा गाडीत बसल्यावर एखादी गोष्ट आवडली की तोंडातून निघणारा चांगला शब्द त्या चघळून गिळून टाकायच्या.

त्यातच लेकीने धाकटी नोंदवली. जावयाची जुनी गाडी सारखी रुसायची, ती त्याने काढून टाकली होती. लेकीचं काम गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि नात भिंगरी सात वर्षांची. शाळेत सोडायचं, आणायचं, सगळं गाडीवरच. भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण एका जागी दोन मिनिटं न बसणाऱ्या पोरीला दुसरं काय म्हणणार?

"मागची सीट माझी," भिंगरीने जाहीर करून टाकलं होतं. "आजी, तू तपासून पाठव हं!"

"तपासते की. तुझ्यासाठी नाही तपासणार तर कुणासाठी?"

आणि मग ती उन्हाळ्यातली दुपार आली.

चाचणीची धाकटी मागच्या आवारात उन्हात उभी होती. मावशी पट्टी बांधून मागच्या सीटवर बसल्या होत्या. चष्मेवाली एक कागद विसरली म्हणून इमारतीत गेली. तेवढ्यात गाडीतली गुणगुण थांबली. पंखा थांबला. पडदा मेल्याचा एक बारीक टक असा आवाज आला आणि मग काहीच नाही.

मावशींनी दाराचं बटण दाबलं. बटण नुसतं आत गेलं. त्यांनी हाका मारल्या. पण काचा दुहेरी होत्या. धाकटीतून सगळं काढताना विभागाच्या साहेबांनी काच तेवढी थोरलीची ठेवली होती, जाहिरातीत 'आत शांतता' असं म्हणता यावं म्हणून. त्या शांततेत मावशींच्या हाका त्यांच्याच कानाशी राहिल्या. ऊन छपरातून उतरत होतं. पट्टी काढायचं त्यांना सुचलंसुद्धा नाही. हात तेवढे शहाणे होते, ते आपोआप फिरायला लागले. दाराचा खण, खणाचा तळ, पुढचा कोपरा. तिथे नखाएवढी लोकरी झडप लागली. झडपेखाली भोक आणि भोकात एक दोरी, टोकाला मण्याएवढी गाठ.

त्यांनी ओढली. खट्. दार उघडलं.

मावशी आवारातल्या फरशीवर पट्टीसकट बसून राहिल्या. चष्मेवाली धावत आली तेव्हा तिलाच रडू फुटलं.

"वीज गेली की बटण मेलं," ती नंतर म्हणाली. "म्हणून ती दोरी असते. थोरलीत चांगला धातूचा दांडा आहे. धाकटीत दोरीवर भागवलंय."

"भागवलंय तर भागवलंय. आहे ना!" मावशी म्हणाल्या. त्या दोरीवर त्यांचा असा जीव जडला की सांगता सोय नाही.

त्याच आठवड्यात त्यांनी घरी एक उशी शिवली. उशीला खण, खणाच्या कोपऱ्यात लोकरी झडप, झडपेखाली दोरी आणि दोरीला गाठ, मापात एक सुताचा फरक नाही. भिंगरीच्या डोळ्यांवर आपली पट्टी बांधली आणि म्हणाल्या, "समज तू गाडीत आहेस आणि दार उघडत नाहीये. शोध."

पहिल्यांदा वीस मोजून झाले. मग बारा. भिंगरीला नाद लागला. जेवायच्या आधी, शाळेतून आल्यावर, लेक ओरडेपर्यंत खेळ चालायचा. महिन्याभरात ती सात मोजेपर्यंत दोरी ओढायला शिकली.

"बटण नाही हं दाबायचं," मावशी बजावायच्या. "बटण दाबलं तर तू हरलीस."

"माहितीये गं आजी!"

इकडे कारखान्यात मावशींच्या धाकटीत बसायच्या शेवटच्या तीन बैठका ठरल्या. या बैठका झाल्या की गाडी पक्की व्हायची. मावशींनी मनाशी ठरवून टाकलं होतं की दोरीचं नाव काढायचं नाही. आपण कौतुक केलं की ती गेलीच म्हणून समजा. पहिल्या बैठकीला त्यांचा हात खणात गेला, झडपेला लागला आणि त्यांनी तो चटका बसल्यासारखा मागे घेतला. तोंडाने म्हणाल्या, "खण. प्लॅस्टिक कडक. कोपऱ्यात काही नाही." दुसऱ्या बैठकीला तसंच. तिसऱ्या बैठकीला त्यांनी मुद्दाम नाक मुरडलं, सीटच्या शिवणीला नावं ठेवली आणि चार मार्क देऊन टाकले.

चार! साहेब स्वतः खाली आले. साहेब म्हणजे फरक विभागाचे प्रमुख, हळू बोलणारे, कधी कुणावर न चिडणारे. "मावशी, याला म्हणतात बोटं," ते म्हणाले. मावशी त्या दिवशी घरी जाताना रस्त्यात एकट्याच हसत होत्या. अकरा हुशार माणसांना आपण गुंडाळलं, असं त्यांना वाटत होतं.

दोन आठवड्यांनी कँटीनमध्ये चष्मेवाली समोर येऊन बसली. तिचा चेहरा उतरला होता.

"मावशी, तुमची ती दोरी गेली हो."

मावशींचा चमचा ताटातच राहिला. "कुठे गेली?"

"नववा नंबर होता. न जाणवलेल्या वस्तूंच्या यादीत."

"कसली यादी?"

चष्मेवाली इकडेतिकडे बघून बोलायला लागली. शेवटच्या तीन बैठकांत तुमच्या हाताला जी वस्तू एकदाही लागत नाही, तिची वेगळी यादी होते. जे मावशींना जाणवत नाही ते गिऱ्हाइकाला काय जाणवणार? मग ते काढून टाकायचं. खर्च कमी आणि कुणाला पत्ताही नाही.

"ही यादी कधीपासून करता?"

"पहिल्यापासून. तुम्हाला सांगायचं नसतं. सांगितलं तर तुम्ही शोधत बसाल ना."

मावशींनी ताट बाजूला सारलं. त्या तडक साहेबांच्या खोलीत गेल्या. दार ठोठावायचंही भान राहिलं नाही.

"साहेब, मी खोटं बोलले. ती मागच्या दारातली दोरी मला सापडली होती. तिन्ही वेळा."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. समोरच्या खुर्चीकडे हात केला. "बसा. सापडली होती? कशी वाटली?"

कुणीतरी विचारतंय म्हटल्यावर मावशींना हायसं वाटलं. "चांगली वाटली. हाताला लागली की धीर येतो. ती असली की गाडीचा भरवसा वाटतो."

"मग खरं बोलला असता तर किती मार्क दिले असते?"

मावशी आकडा बोलणार तोच थांबल्या.

"सांगा ना."

"सहा," त्या म्हणाल्या.

"सहा म्हणजे उतरवायची. आणि सगळ्यात आधी आम्ही काय उतरवलं असतं?" साहेब मायेने हसले. "बघा, खरं बोलला असता तरी तेच झालं असतं, खोटं बोललात तरी तेच झालं. उगाच मनाला लावून घेऊ नका."

"पण वीज गेली तर मागचं माणूस बाहेर कसं यायचं?"

"पुढच्या दारांना दोरी आहे. नियमात पुढच्या दारांचंच आहे. आपण नियम कधी मोडत नाही."

"मागे माझी नात बसणार आहे, साहेब."

साहेबांना खरोखर वाईट वाटलेलं दिसलं. त्यांनी जरा विचार केला. "मग लेकीला थोरली घ्यायला सांगा," ते म्हणाले, आणि त्यात टोमणा अजिबात नव्हता. मावशी उठल्या तेव्हा त्यांनी पुढे जोडलं, "आणि खोटं बोललात असं आत्ता म्हणालात, ते मी ऐकलेलं नाही. तुमच्या बोटांवर इथे बऱ्याच गोष्टी उभ्या आहेत."

मावशी हार मानणाऱ्या नव्हत्या. त्यांनी चष्मेवालीला गाठलं. "मी शिवते दोरी. तू सांग कुठे बांधायची."

"कशाला बांधणार? कुलपातला आकडाच काढलाय. ओढायला आत काही नाही."

"मग हातोडी ठेवते सीटखाली. काच फोडायची."

"दुहेरी काच आहे, मावशी. मी मारून बघितली. टणकन परत येते हातोडी." चष्मेवालीने चष्मा काढून पुसला. "धडकेत सीटा चेपल्या तर मागचं पोर पुढे येणार कसं? पुढे कुणी मोठं माणूस असेल तर त्याने बाहेर पडून... म्हणजे ते शुद्धीवर असलं तर..."

लेकीला सांगायचं हे ठरलंच होतं. त्या दिवशीच सांगायचं होतं. पण सांगायचं म्हणजे काय काय सांगावं लागणार होतं! दोरी होती, मला माहीत होती, तिने माझा जीव वाचवला, आणि तीन वेळा हाताला लागूनही मी ती नाही म्हणाले. पंचवीस वर्षं जिच्या बोटांचा घरात डंका, तिने हे लेकीपुढे कुठल्या तोंडाने बोलायचं? आज लेक दमलीय, उद्या सांगू. उद्या जावई घरी आहे, परवा सांगू. मावशी भित्र्या नव्हत्या, पण या एका बाबतीत त्या भ्याल्या, हे सांगायला हवं. असे अकरा दिवस गेले आणि बाराव्या दिवशी गाडी दारात आली.

रविवार होता. लख्ख ऊन. जावई आणि लेक गाडीभोवती लग्नाच्या मांडवात फिरावं तसे फिरत होते. शेजारी खिडकीतून बघून गेले. दाराच्या मुठी पत्र्यात सपाट बसलेल्या होत्या. फोन जवळ आला की त्या बाहेर यायच्या. फोन हीच किल्ली. जावई फोन खिशात घालून कागद आणायला वर गेला आणि लेक त्याच्यामागे. अंगणात मावशी आणि भिंगरी दोघीच उरल्या. आज वर गेल्या गेल्या सांगायचंच, असं म्हणत मावशींनी पदराने घाम टिपला.

"आजी, बघ हं! खऱ्या गाडीत करून दाखवते!"

"थांब, भिंगरे..."

पण भिंगरी मागच्या उघड्या दारातून आत शिरली होती. दार लागलं, पत्र्याच्या डब्यासारखं. सपाट मुठी पत्र्यात गेल्या. भिंगरीने डोळे गच्च मिटले आणि हात खणात घातला. तिचे ओठ हलत होते. एक. दोन. तीन. मावशींना आवाज येत नव्हता, पण ते ओठ त्यांना पाठ होते. पाचाला तिला झडप सापडली असणार, कारण तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. झडप तशीच ठेवली होती, खालचं भोक झाकायला. सहा. सात.

आठ.

भिंगरीच्या कपाळावर आठी पडली. नऊ. दहा. मावशींनी काचेवर थाप मारली. "बटण! बटण दाब!" पोरगी डोळे मिटून शोधत होती. बटण दाबलं की हरायचं हे तिला तिच्या आजीनेच शिकवलं होतं. मावशींनी मुठीत नखं घालून ओढून पाहिलं, ती हललीसुद्धा नाही. काच उन्हाने तापलेली होती. पंधरा. अठरा. बाविसाला भिंगरीने डोळे उघडले, ओठ काढला आणि बटण दाबलं. गाडीत आज वीज होती. दार उघडलं.

मावशींनी तिला धरायला हात पुढे केला. "भिंगरे, ऐक..." त्या म्हणू लागल्या.

"आजी, माझंच चुकतंय गं," भिंगरी रडवेली होऊन म्हणाली. "तू शिकवलंस तसं नीट करत नाही मी. थांब, परत करते. तू सांगू नकोस हं कुठंय ते!"

आणि हाताखालून निसटून ती पुन्हा आत. दार लागलं.

"दोरी नाहीये त्यात!" मावशी ओरडल्या. दोन्ही तळवे काचेवर टेकवून, तोंड काचेशी नेऊन त्या म्हणाल्या, "नाहीये गं बाळा. मला सापडली होती, मीच नाही म्हणाले. मी घालवली. ऐकतेस का? मी घालवली."

त्यांचा श्वास काचेवर उमटला आणि विरला. पलीकडे भिंगरीला आजीचे ओठ तेवढे हलताना दिसले. आजी आपल्याला धीर देतेय, असं तिला वाटलं. तिने अंगठा वर करून दाखवला, डोळे मिटले आणि खणात हात घालून पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली.